टॉर्च कोणी धरला

३ मार्च

अप्पा,

आधी तब्येत विचारायला हवी, पण ती शेवटी विचारते. आत्ता डोक्यात फक्त गाडी आहे, आणि ती उकळते आहे.

मोकळ्या रस्त्यावर अगदी शहाण्यासारखी चालते. सिग्नलला थांबली किंवा पुढे ट्रक आडवा आला, की काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. मग मी काचा खाली करते आणि हीटर पूर्ण सोडते, म्हणजे इंजिनाची थोडी गरमी माझ्या अंगावर येते. या उन्हात हीटर लावून बसलेली बाई बघून शेजारच्या गाड्यांतले लोक काय समजायचं ते समजोत. एवढं करूनही बॉनेटमधून वाफ आलीच, आणि एकदा नाही.

मागच्या सीटवर रक्ताच्या नमुन्यांची थंड पेटी असते हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी घरोघर जाऊन रक्त घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत पेटी लॅबमध्ये पोचवायची, एवढंच माझं काम. रस्त्यातच खोळंबले की आतला बर्फ पाणी होतो आणि नमुने वाया जातात. मग त्याच म्हाताऱ्यांना परत उपाशी बसवा, परत सुई टोचा. मागच्या आठवड्यात एका आजोबांनी मला दारात बघूनच हात पाठीमागे लपवला. लॅबवाले डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर तुमचा सगळा भाग मी मोटरसायकलवाल्याला देऊन टाकीन." माणूस वाईट नाही, पण बोलतो ते करतो.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "ताई, ही विकून टाका नाहीतर हिच्यात फुलझाडं लावा." दुरुस्त करायची तर आठवडाभर ठेवून जा म्हणतो. आठवडाभर गाडी नसली तर त्यानंतर मला गाडीची गरजच उरणार नाही, कारण काम गेलेलं असेल. गाडी तुमच्या नावावर आहे, पण शिव्या मला खाव्या लागतात.

तुमचे चिरंजीव फिरतीवर आहेत. या वेळची फिरती जरा लांबली. घरी असते तरी बॉनेट उघडायची कळ कुठे आहे हे मलाच विचारलं असतं.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, आमच्या भिंती पातळ आहेत. म्हणून पत्र. काय करू ते लिहा. तब्येत कशी आहे? वेळेवर जेवता का?

तुमची सून

९ मार्च

सूनबाई,

तब्येत आहे तशी आहे. जेवण मी करतो तेव्हा तीच वेळ. कान गेले ते गेलेच. जन्मभर लोकांच्या गाड्यांचे हॉर्न वाजवून बघितले, आता त्यांनी सगळं वसूल केलं.

तुझ्या गाडीचा पंखा इंजिनावर बसवलेला आहे, पट्ट्यानं फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही झोपलेला. गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा मिळतो, म्हणून पंखा नसला तरी भागतं. उभ्या गाडीला वारा नाही, आणि नेमका तेव्हाच पंखा आळशी. इंजिन बंद करून पात्यांवर हात फिरव. माझा अंदाज आहे की एखादं पातं तडकलेलं असणार. तसं असेल तर ते एक दिवस सुटेल आणि रेडिएटर फाडूनच थांबेल. तो पंखा काढूनच टाक.

त्याच्या जागी विजेचा बसवू. तो इंजिनाला विचारत नाही, पाण्याला विचारतो. पाणी तापलं की एक स्विच जोडला जातो आणि पंखा सुरू होतो. पाणी निवलं की स्विच सुटतो, पंखा बंद. तू फक्त गाडी चालवायचीस.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जा. रेडिएटरचं माप घेऊन जा आणि रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये जागा किती तेही मोज. पंख्याला बोटानं टिचकी मार. निमूटपणे फिरत राहिला तर घे, करकरला तर पुढच्या दुकानात जा. दुकानदार काय बोलतो त्याकडे कान देऊ नकोस, मी तर देऊच शकत नाही.

हे तुला जमेल. आपल्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी पहिल्या दिवशी विसरायचो. मग तो एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं करायचा, टॉर्च धरायलाही दुसरा माणूस न घेता, आणि त्या कामाचं नाव त्याला पडायचं. हॉर्न, वायपर, डायनॅमो. डायनॅमो आता दोन दुकानांचा मालक आहे. त्याच्या बायकोलाही त्याचं खरं नाव पटकन आठवत नाही. तुझ्या नवऱ्याला मात्र नाव पडायचं राहिलं, तो दुकानात टिकलाच नाही.

वाफ येत असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

अप्पा

१७ मार्च

अप्पा,

तुमचा अंदाज बरोबर निघाला. एक पातं मुळाशी तडकलं होतं, भेग बोटाला लागली. एवढे दिवस मी त्याच्या मागे बसून गाणी ऐकत होते.

बाजारात मी पंख्यांची मापं घेत होते तेवढ्यात अर्धा बाजार गोळा झाला. एका दुकानदारानं "साहेबांना पाठवा" म्हणून सांगितलं. मी टिचकी मारून त्याचे सगळे पंखे करकरवून दाखवले आणि शेजारच्या दुकानातून घेतला. तिथल्या म्हाताऱ्यानं मात्र बॅटरीला लावून फिरवून दाखवला, आणि वर पत्र्याच्या दोन पट्ट्याही दिल्या, पंखा रेडिएटरला बांधायला. तुमचं नाव सांगितलं असतं तर ओळखलंही असतं कदाचित.

रविवारी जुना पंखा काढला. बोल्ट गंजलेले, जागा अरुंद, हात पोचतो पण पाना फिरत नाही. दोन बोटांची साल गेली. दुसऱ्या दिवशी सुया टोचताना पेशंटच माझ्या हाताकडे बघून हळहळत होते.

टॉर्च तुमच्या चिरंजीवांनी धरला. फिरतीवरून शनिवारी आले होते. प्रकाश नेहमीप्रमाणे बोल्टवर सोडून माझ्या डोळ्यांवर. काम संपल्यावर "आपण करून टाकलं की" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तेव्हा मला नाव मिळणार नाही असं दिसतं. असो. आता पुढचं लिहा. उन्हं वाढायला लागली आहेत, आणि मी सकाळी लवकर निघून गर्दी चुकवते आहे. एवढ्या लवकर जाऊन दार वाजवलं की लोक रक्त देण्याआधी चार शब्द सुनावतात. खरं सांगू का, थकले आहे. पण हे पंख्याचं काम करताना तेवढा वेळ बरं वाटलं.

तुमची सून

२३ मार्च

सूनबाई,

टॉर्च धरला हे वाचलं. बरं झालं. नमस्कार पोचला. नाव मिळणार नाही, नियम म्हणजे नियम. पण पुढचं काम अजून बाकी आहे, आणि ते जास्त मोठं आहे. अजून वेळ गेलेली नाही.

सोबत पार्सल आहे. त्यात तापमानाचा स्विच, रिले, फ्यूज, वायर आणि एक वॉशर. सगळं दुकानाच्या खणात पडून होतं. स्विच मी तपासला आहे. पातेल्यात पाणी घेऊन त्यात स्विच लोंबकळत सोडला, एका बल्बला जोडला आणि पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी उकळायच्या थोडं आधी बल्ब लागला, गॅस बंद केल्यावर विझला. तो लबाडी करणार नाही.

रेडिएटरच्या बाजूला एक पितळी बूच दिसेल. पाणी काढून टाक, बूच काढ, तिथे स्विच बसव. स्विचला एकच टोक आहे. दुसरं टोक म्हणजे त्याचं अंग. रेडिएटर पितळी, बोल्टानं गाडीच्या बॉडीला बसलेला, त्यामुळे बाकीचं काम बॉडी करते.

पंख्याला लागणारा सगळा करंट त्या एवढ्याशा स्विचमधून पाठवलास तर तो आठवड्यात जळेल. म्हणून मध्ये रिले. स्विचनं फक्त रिलेला खुणावायचं, ओझं रिलेनं उचलायचं. रिलेला चार पाय आहेत, नंबर त्यावर कोरलेले आहेत, चित्र काढून दिलंय. तीसला बॅटरी, मध्ये फ्यूज. सत्याऐंशीवरून पंखा. शहाऐंशीला पुन्हा बॅटरी. पंच्याऐंशी स्विचला. पंख्याची दुसरी वायर बॉडीला, रंग खरवडून.

कोणी सांगेल की शहाऐंशीला चावीवरून करंट घे, म्हणजे गाडी बंद केली की पंखाही बंद. मी तसं कधी केलं नाही. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि आतली गरमी तिथेच कोंडते. गाडी थांबली म्हणून ती लगेच थंड होत नाही. पंखा आणखी थोडा वेळ चालला पाहिजे. लोक येऊन सांगतील, तुमचं काहीतरी चालू राहिलंय. हो म्हणायचं आणि पुढे जायचं.

पंखा उलटा फिरत नाही ना ते बघ. रेडिएटरच्या समोरून कागद धर. चिकटला तर बरोबर, उडाला तर पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल कर.

माझ्याकडे सध्या एक पाहुणा आहे. उशिरा उठतो, पेपर पसरून ठेवतो. माझ्या हाताला कंप आहे म्हणून पार्सलवरचा पत्ता त्याच्याकडूनच लिहून घेतला, टपालातही तोच टाकेल.

बोटांना मलम लाव.

अप्पा

९ एप्रिल

अप्पा,

पार्सल येऊन बरेच दिवस झाले. कळवलं नाही.

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं. स्विच बसवला. पाण्याचा एक थेंब गळत नाही. रिले, फ्यूज, वायर, सगळं चित्राप्रमाणे. कागद चिकटतो. स्विचकडे जाणारी वायर काढून बॉडीला टेकवली की पंखा फिरतो. तीच वायर स्विचला लावली की नाही फिरत. इंजिन कितीही तापलं तरी नाही. काल पुलावर गर्दीत अडकले आणि काटा लाल पट्टीच्या पार गेला. पेटी डोक्यावर घेऊन चालत लॅबमध्ये गेले. नमुने वाचले, पण उशीर झाला. डॉक्टरांनी घड्याळ बघून पेटीवर वेळ लिहिली.

राहू दे आता. तुम्ही यात आणखी वेळ घालवू नका.

पार्सलवरचं अक्षर माझ्या ओळखीचं आहे. लग्नाआधी दीड वर्ष त्याच अक्षरात मला पत्रं येत होती. पाहुणा फेब्रुवारीपासून तुमच्याकडे असणार, कारण फेब्रुवारीत तो इथून गेला. बॅग भरताना म्हणाला की या घरात त्याचा जीव रमत नाही. मी थांबवलं नाही, मला कामाला जायचं होतं. जाताना गाडीचं बोलला, "ती अप्पांच्या नावावर आहे, आम्ही तिचं काय ते बघू."

म्हणून मी तुम्हाला फिरती-बिरती लिहीत राहिले. तुम्हाला कळलं की गाडी मागाल, असं वाटायचं. आणि तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं. पाहुणा समोर बसवून तुम्ही मला टॉर्चचे नियम शिकवत होतात. गाडी विकायची म्हणून ती माझ्याकडूनच नीट करून घेताय का? तसं असेल तर सरळ सांगायचं होतं. मी एवढी साल काढून घेतली नसती.

कागद तुमच्या नावावर आहेत. कोणालाही पाठवा. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवते.

काय म्हणून सही करू ते कळत नाही, म्हणून करत नाही.

१४ एप्रिल

सूनबाई,

किल्ली काकूंकडून परत घे.

आधी गाडी, कारण तिला वेळ नाही. तुझ्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. "पाण्याचा एक थेंब गळत नाही." वायर बॉडीला टेकवल्यावर पंखा फिरतो, म्हणजे पंखा, रिले, फ्यूज सगळं ठीक. स्विच मी पातेल्यात उकळून बघितलाय. मग राहिलं काय? तू स्विचच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलीस. गुंडाळलीस ना? तुझे वडील नळाचं काम करायचे. तुमच्या घरात पोर चालायला लागलं की त्याच्या हातात टेप देत असणार. आटे दिसले की टेप, दोन वेढे कमी पडले तर चार. आमचे व्याही आमच्याकडे जेवायला आले की हात धुवायच्या आधी नळ पिरगाळून बघायचे.

त्या टेपनं पाणी अडतं, करंटही अडतो. स्विचच्या अंगाला पितळ लागायला हवं, धातूला धातू. तू मध्ये रजई घातलीस. म्हणून मी तांब्याचा वॉशर दिला होता. तो पाणीही धरतो आणि करंटही सोडतो. तो तू कुठेतरी डब्यात टाकला असशील. गाडी पूर्ण थंड झाल्यावर स्विच काढ, आटे ब्रशनं घास, टेपचा कण ठेवू नकोस, वॉशर घालून कस. थोडं पाणी जाईल, ते भर. तुझ्या वडिलांच्या आत्म्याला त्रास होईल, पण आज त्यांना माझं ऐकू दे. आयुष्यभर मी त्यांचं ऐकलं.

आता पाहुणा.

तो फेब्रुवारीत आला, एका बॅगेनिशी. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तो समोर बसून चहा पीत होता. "फिरती जरा लांबली" हे मी त्याच्या तोंडाकडे बघत वाचलं. पत्राची घडी करून खिशात ठेवलं. त्याला काही म्हणालो नाही आणि तुलाही लिहिलं नाही. तू झाकते आहेस तर तुझी मर्जी, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील, असा विचार केला. तू टॉर्चचं लिहिलंस त्या रविवारी तो इथे माझ्या पलंगावर दुपारपर्यंत घोरत होता. मी नियम म्हणजे नियम असं लिहिलं, ते तुला चिडवायला. वाटलं, चिडून तरी खरं लिहिशील की अप्पा, टॉर्च मी दातांत धरला होता.

आणखी एक, ते लपवत नाही. मला भीती वाटत होती. एकदा हे उघड झालं की तू मला कशाला लिहिशील? माझ्याकडे वीजबिलाशिवाय दुसरं टपाल येत नाही. तुझं पत्र आलं की मी दुकानाच्या पायरीवर बसून वाचतो, समोरचा शिंपी खुणेनं विचारतो की काय म्हणतेय सून. मी सांगतो, पंखा बसवतेय. त्याला ते खोटं वाटतं.

गाडीचं त्यानं विचारलं होतं. विकून काहीतरी धंदा करायचा म्हणतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं, मला ते सोपं आहे. मग त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून विचारलं. मी उठलो, खणातून स्विच काढला, रिले काढला, त्याच्या समोर खोक्यात भरला. पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, हिचा पत्ता लिही. त्यानं लिहिला. मीच त्याला टपाल कचेरीत पाठवलं. माझं उत्तर ते होतं. त्याला ते बरोबर कळलं. तुला ते उलटं कळेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हाताला कंप आहे हे खरं आहे, पण पत्ता लिहिता येणार नाही इतका नाही.

विकायची गाडी कोणी नीट करत नाही, सूनबाई. तिला रंग मारतात.

तो माझा मुलगा आहे, त्याला मी घराबाहेर काढणार नाही. पण गाडी तुझ्याकडेच राहणार.

अप्पा

२१ एप्रिल

अप्पा,

चार वेढे होते. घट्ट.

तुमचं पत्र जिन्यातच उभ्यानं वाचलं आणि हसू आलं, मग रडू आलं, मग परत हसू. काकूंनी दार उघडून विचारलं की कोणी गेलं का. मी म्हटलं नाही, टेप गुंडाळली होती. वॉशर सापडला, बटणांच्या डब्यात. मला वाटलं होतं की चुकून आलाय.

त्याच संध्याकाळी स्विच काढून घासला. बाबांची आठवण येत होती. ते असते तर म्हणाले असते, टेप नाही म्हणजे गळणारच. गळलं नाही, त्यांची क्षमा मागून सांगते. इंजिन चालू ठेवून मी उघड्या दाराशी उभी राहिले. काटा चढत होता. काटा मध्याच्या थोडा पुढे गेला आणि पंखा सुरू झाला. आपोआप. मी काही केलं नव्हतं, कुठे टेकवलं नव्हतं. पुढे जाऊन कागद धरला तर खाडकन चिकटला. थोड्या वेळानं बंद झाला, काटा खाली. परत चढला, परत सुरू. मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे.

आज सकाळी पुलावर तीच गर्दी. गाडी उभी, पंखा सुरू, काटा जागच्या जागी. हीटर बंद होता, अप्पा. कितीतरी दिवसांनी मी गाडीत नुसती बसले होते.

डॉक्टरांनी नदीपलीकडचा भाग मोटरसायकलवाल्याला देऊन टाकला होता, तो काही परत मिळाला नाही. उरलेला माझ्याकडे ठेवला. हात लपवणारे आजोबा माझ्याकडेच राहिले आहेत, त्यांची तक्रार आहे.

टॉर्च मी दातांत धरला नव्हता. खुर्चीवर पुस्तकं रचली आणि वर ठेवला. तो सारखा घसरायचा. म्हणून पत्रात कोणालातरी धरायला लावला. एकटीनं केलं असं लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत की चिरंजीव कुठे आहेत, आणि ते सांगितलं की सगळं संपलं असं वाटत होतं. मुलगाच राहिला नाही तर सून कसली? मला गाडी जाईल ही भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. वेळेवर जेवता का असं ज्याला विचारावं असं आता मला दुसरं कोणी नाही.

आता मी थकले आहे, भांडायची ताकद नाही आणि कोणाला दोष द्यायचीही नाही. त्याला सांगा, त्याचे हिवाळ्याचे कपडे इथेच आहेत, हवे तर पाठवते. घटस्फोटासाठी वकिलाचं तो बघेल तेव्हा बघेल.

तुम्हाला एवढंच विचारायचं आहे की पुढच्या पत्रात खाली काय लिहू. "तुमची सून" लिहायला आता हात धजत नाही, आणि नुसतं नाव लिहिलं तर तुम्ही पहिल्या दिवशीच विसराल.

२६ एप्रिल

पंखा,

खाली हेच लिही. वर मीही हेच लिहिणार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीनं केलंस, पुस्तकं माणसात धरत नाहीत. शिंप्याला सांगितलं, डायनॅमोला निरोप धाडला. डायनॅमो म्हणाला, दुकानात एवढं मोठं काम पहिल्याच फटक्यात कोणाला मिळालं नव्हतं. त्याचा थोडा जळफळाट झाला, मला बरं वाटलं.

कपड्यांचं पाहुण्याला सांगितलं. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे खोली बघतो म्हणतो. बघेल, न बघेल. माझा मुलगा आहे म्हणून मला वाईट वाटतं, आणि तुझं वाचून वेगळंच वाईट वाटतं. दोन्ही एकदम वाटण्याचं हे वय नाही, थकायला होतं.

गाडी तुझ्या नावावर करायच्या कागदांवर सही केली आहे. टपालानं पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. मोठा रस्ता धरू नकोस, डोंगरावरून ये. चढावर गाडी तापू दे, पंखा किती वेळा लागतो त्याकडे लक्ष ठेव आणि मला येऊन सांग. तो इथे असेल तरी ये, नसेल तरी ये. घर माझं आहे.

दारात गाडी थांबवलीस की इंजिन बंद कर, पण बॉनेट लगेच उघडू नकोस. मी जिना उतरून येईपर्यंत थांब, मला वेळ लागतो. मला ऐकू येणार नाही. पण पत्र्यावर हात ठेवला की मला कळतं, आत अजून चालू आहे.

वेळेवर जेवतो.

अप्पा